डोहातले बांबू

१

देवानंदनं उलट उत्तर दिलं नाही, तेव्हाच खरं तर शकुनला संशय यायला हवा होता.

त्यांच्या घरचा दिवस भांडणानंच उजाडायचा. शकुन अंधारातच उठायची. मळ्यातली वांगी तोडायची, पालकाच्या, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची, पोतं भरून मोटरसायकलला आवळायची. देवानंद तोवर ओट्यावर तंबाखू मळत बसलेला असायचा. मग ती म्हणायची, "चांदूर बाजार काय तुमची वाट पाहत थांबते? लोकं भाजी घेऊन घरी गेले असतीन." तो म्हणायचा, "तू जाय मंग." ती म्हणायची, "गाडी चालवता आली असती तं तुमच्याशी लगनच कायले केलं असतं?" एवढं झालं की तो उठून किक मारायचा. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं आणि एखाद्या दिवशी चुकलं तर दोघांनाही चुकल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी ती बोलली आणि तो नुसता "हो" म्हणाला.

"हो काय, हो?"

"हो म्हणजे उशीर झाला. चुकलं माह्यं."

शकुननं हातातली जुडी खाली ठेवली. "ताप गीप आला काय तुमाले?" तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. ताप कुठला, कपाळ गार होतं. चैत्र संपत आलेला, सकाळीच घामाच्या धारा लागत होत्या, आणि याचं कपाळ माठासारखं गार.

बाजारातून आल्यावर तो निंबाच्या सावलीतल्या खाटेवर बसला नाही. त्यानं खाट ओढत अंगणाच्या मधोमध नेली आणि भर उन्हात वर तोंड करून पडून राहिला.

"आता हे काय नवीन? काय पाहून राहिले वर?"

"काई नाई," तो म्हणाला. "इथं मोकळं हाय."

"डोस्कं मोकळं झालं तुमचं," शकुन म्हणाली आणि पाय आपटत आत गेली. आत जाऊन मात्र ती थोडा वेळ दाराशी थांबली. आता तरी तो काहीतरी बोलेल, असं तिला वाटत होतं.

२

या सगळ्याच्या मुळाशी मासे होते, आणि माशांच्या मुळाशी देवानंदची जीभ.

शकुनच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तिची सासू तानुबाई, तिच्याही गळ्यात होती. सासरे किसनराव वारले त्या वर्षी देवानंदनंही घातली होती, पण पावसाळ्यात नदीला मासे चढले आणि माळ खुंटीवर गेली ती गेलीच. घराच्या उंबऱ्याच्या आत मासा येत नसे. तो रांधायचा गंज म्हणजे पातेलं, त्याची पळी, तीन दगडांची चूल, सगळं वावरातल्या खोपडीत. पुरुषांनी तिथंच रांधायचं, तिथंच खायचं आणि आंघोळ करून घरी यायचं. माळकऱ्यांच्या घरी हीच रीत. त्यामुळं मासा साफ कसा करतात हे शकुनला ठाऊक नव्हतं, आणि देवानंदला तरी शिकवणार कोण? तो आपला पोट फाडायचा, हाताला घाण लागेल ते फेकायचा आणि डोळ्याला बरं दिसेल ते ठेवायचा.

यंदा पूर्णा नदीची धार लवकर तुटली. मळ्याच्या टोकाशी डोह तेवढा राहिला. त्या डोहातले मासे वर यायला लागले.

"जालं नाई, गळ नाई," देवानंद पहिल्या दिवशी कौतुकानं सांगत होता. "हात पाण्यात धरला का हातावरच येऊन पडते. पयत नाई लेकाचा. पोट असं टम्म, अन् आतून चरबी निंगते चरबी. पांढरीफेक. पट्ट्याच्या पट्ट्या."

"शी! मी पोळ्या लाटून राहिली अन् तुमी चरबी सांगता!"

"सांगतो फक्त. खाय नाई म्हणत."

"ज्या मासोईले स्वतःच्या जिवाची पर्वा नाई, ते कायले खावं माणसानं? फुकटचं दिसलं का सुटले!"

तेव्हा तो हसला होता आणि उलट बोलला होता. पुढं तो रोज दुपारी नदीवर जाऊ लागला, आणि हळूहळू बोलणं कमी झालं.

३

डोहात बांबू कोणी रोवले, हा शकुनच्या डोक्याला आणखी एक ताप.

मोटारपंप सुरू करायला ती सकाळी काठावर गेली, तेव्हा पलीकडच्या बाजूला पाण्यात दोन बांबू उभे दिसले. चांगले जाड, राखाडी-पिवळे, सरळ. त्यांची टोकं पलीकडच्या काठावरच्या अर्जुनाच्या फांद्यांत शिरलेली होती, त्यामुळं किती उंच ते कळत नव्हतं. आधी जाळं लावायला बांबू येतील, मग माणसं येतील, मग हीच माणसं म्हणतील डोह आमचा. शकुनला गावची माणसं चांगली ठाऊक होती.

तिनं काठानं चाललेल्या नत्थुजीला हटकलं. नत्थुजी भोई, पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगलेला माणूस.

"नत्थुजी, इचारल्याबिगर बांबू रोवले तुमी? आमची मोटार हाय इथं."

"कुठी?"

"हे काय, समोर!"

नत्थुजीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग हात खाली घेतला. "बाई, आमी यंदा या डोहात जालंच नाई टाकलं."

"मंग कोणं रोवले?"

"मले काय इचारता?" तो म्हणाला आणि काठ सोडून वरच्या, लांबच्या वाटेनं निघाला. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"एक माणूस धड उत्तर देईन तं शपथ!" शकुन त्याच्या पाठीवर ओरडली. मग तिनं बांबूंकडं नीट पाहिलं. बांबू म्हणावं तर त्यांना पेरं नव्हती. वर, अर्जुनाच्या पानांशी, दोघांनाही एकेक गाठ होती. जुना बांबू असेल, सोललेला असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. मोटार पाणी ओढत नव्हती, आणि त्या वेळी तिला त्याची जास्त काळजी होती.

दुसऱ्या दिवशी बांबू अर्जुनापाशी नव्हते. डोहाच्या मधोमध होते. वर पाहावं तर सूर्य नेमका डोळ्यांत येत होता.

४

जेवणाची वेळ टळून गेली तरी देवानंद घरी आला नाही. तानुबाई दारात बसून सारखी एकच गोष्ट बोलत होती.

"भर दुपारचं नदीवर जाऊ नये म्हणतात, बाई. पाहून तं ये."

"म्हणणाऱ्याचं काय जाते, आत्याबाई? उन्हात मले जा लागते!" शकुननं पदर डोक्यावर घेतला आणि निघाली. रस्ताभर ती त्याला ऐकवायचे शब्द तयार करत होती. चांगले ठेवणीतले शब्द होते.

काठावर पोचली आणि ते तोंडातच राहिले.

देवानंद डोहात कमरेइतक्या पाण्यात उभा होता. अंगात सदरा नव्हता. तोंड वर, आभाळाकडं, ओठ थोडे उघडे. काठावर बगळे बसले होते. रोजचे चार-दोन नव्हेत, सगळा काठ पांढरा झाला होता. डोहात मासे वर तरंगत होते आणि एकही बगळा चोच घालत नव्हता. सगळे देवानंदकडं तोंड करून उभे होते, पंगतीत वाढप्याची वाट पाहावी तसे.

त्याच्या पाठीमागं, बैलगाडीएवढ्या अंतरावर, ते दोन बांबू होते.

"प्रणालीचे बाबा! बाहेर या!"

त्यानं ऐकलं नाही.

"अवो, मी कोणाशी बोलून राहिली? भिंतीशी?"

डोहावर आवाज म्हणून नव्हता. मोटार बंद, पाखरं गप्प. शकुनला खूप भीती वाटली, आणि भीती वाटली की तिला रागच यायचा. ती लुगड्यासकट पाण्यात शिरली, त्याच्यापर्यंत गेली आणि त्याच्या डोक्यामागं एक सणसणीत चापट मारली.

"मान खाली करा! म्हणतो ना मी, मान खाली करा! आभाळात काय तुमचा आजा बसला हाय?"

त्यानं मान खाली केली. डोळे मिचकावले. "शकुन? तू इथी काऊन?"

त्याच वेळी पाण्यावरची सावली सरकली. तोवर आपण सावलीत उभे आहोत हे शकुनच्या लक्षातच आलं नव्हतं. ऊन एकदम पाठीवर पडलं, चटका बसला. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. तिनं वर पाहिलं नाही. त्याचा दंड धरला आणि गाळातून फरफटत काठावर आणला.

काठावर आल्यावर तिनं वळून पाहिलं. बांबू नव्हते. ते होते त्या जागी गढूळ पाणी दोन ठिकाणी गोल फिरत होतं.

उपटून नेले असतील कोणी, ती स्वतःला म्हणाली. माणसं दिसली नाहीत, पण पलीकडं झाडी आहे. बांबू काय, कोणीही उपटून नेतं. गावात चोर कमी आहेत का?

५

प्रणाली अकोल्याला कॉलेजात होती, प्राण्यांचंच काहीतरी शिकत होती. शकुननं फोनवर तिच्याशी आधी चांगलं भांडण केलं, पोरगी फोन करत नाही म्हणून, आणि मग बाबाचं सांगितलं.

"आई, त्या माशांच्या पोटात पांढरी पट्टी निंगते काय? चपटी, लांब?"

"हो म्हणत होते. चरबी."

"चरबी नाई ते. जंत हाय."

"जंत एवढा मोठा असते काय? मी नाई पाह्यले काय जंत? लेकरायले व्हते ते."

"हा येगळा हाय. अन् बाबाले सांग, तो मासा आपल्या मनानं वर येत नाई. जंत आणते त्याले वर."

"कावून?"

"त्याले बगळ्याच्या पोटात जायचं असते. तिथंच त्याची अंडी होतात. मंग मासा भेनं सोडून देते. उथळ पाण्यात येते, वर येते, पयत नाई."

शकुननं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "जंताले एवढी अक्कल, अन् तुह्या बापाले नाई."

"आई, माणसाले तसं होत नाई," प्रणाली घाईनं म्हणाली. "पण दवाखान्यात ने. उद्याच ने."

अमरावतीच्या डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, कच्चंपक्कं खाण्यावर दोन शब्द सुनावले, गोळ्या दिल्या आणि काही दिवस मुगाच्या खिचडीशिवाय काही खायचं नाही म्हणून बजावलं. मग दोन दिवस देवानंद परसाकडं जाऊन आला की मान खाली घालून बसायचा. काय पडलं, किती पडलं, ते त्यानं सांगितलं नाही आणि शकुननं विचारलं नाही. विचारलं असतं तर फार बरं झालं असतं. पण तिला किळस आली होती, आणि त्याला लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाजार काय तुमची वाट पाहत थांबते?"

"तू जाय मंग," तो खेकसला. "खिचडीवर ठेवलं बिमार माणसाले, अन् वरतून बाजार सांगते!"

शकुन आत गेली आणि चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसले. इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

६

मग तिनं खोपडी काढली साफ करायला. माशांचा गंज उचलून डोहात भिरकावला. पळी भिरकावली. चुलीचे दगड लाथेनं उडवले. "खाय आता मासे! कायच्यात रांधशीन ते पाहतो मी!" असं ती रिकाम्या खोपडीला सांगत होती.

आणि आढ्याला बांधलेल्या दोरीवर तिला शेवया दिसल्या.

वाळलेल्या, पांढऱ्या, दोरीवर ओळीनं टाकलेल्या. शकुनच्या रागाला पारावार उरला नाही. देवानंद दरवर्षी आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या शेवया पळवायचा, कच्च्याच कुडुमकुडुम खायचा. यंदाही डब्यातल्या कमी झाल्या होत्या आणि हा शपथा घेत होता. त्यातून या चांगल्या जाड, चपट्या. तानुबाईच्या हातच्या. म्हातारीचा हात थरथरायचा, शेवई कधी बारीक निघायचीच नाही, आणि पाटावरून तिला उठवायची सोय नव्हती.

शकुननं एक शेवई नाकाशी नेली. मिठाचा वास, धुराचा, थोडा नदीचा. त्या खोपडीत कशालाही नदीचाच वास यायचा. ती घुटमळली. माशाच्या जागेतलं अन्न, गळ्यात माळ. पण सुक्या अन्नाला विटाळ नाही, हे तिची आई सांगायची, सासू सांगायची, सगळ्या बायका सांगायच्या. आणि गहू तिनं स्वतः निवडले होते, भिजवले होते, दळले होते. टाकून द्यायचं म्हणजे जिवावर येणारं काम. तिनं पदरात गोळा करून घरी आणल्या, दोन दिवस ऊन दाखवलं. वास गेला.

अंगणात ती त्या सुपात पाखडत होती, तेव्हा बारीक चुरा बाहेर पडला. निंबावर कावळे होते, त्यांनी पाहिलंही नाही. एक बगळा मात्र उतरला. घराच्या अंगणात बगळा कधी येत नाही. हा आला, शकुनच्या हाताशी आला, आणि चुरा वेचून खाऊ लागला.

"आता बगळ्यायलेही शेवया लागतात! हाड्!"

तो उडाला नाही. चुरा संपल्यावरही सुपाकडं पाहत उभा राहिला.

आखाजीला किसनरावांच्या नावानं पान वाढलं. पुरणपोळी, आमरस, चिंचवणी, कुरड्या, आणि डब्यातल्या बारीक शेवया. पितरांना आणि पाहुण्यांना त्या जाड शेवया वाढणं बरं दिसलं नसतं. सगळ्यांची जेवणं झाली. देवानंद आपल्या खिचडीला नावं ठेवत उठला. बाई मागून जेवते, उरेल ते जेवते. शकुननं खोपडीतल्या शेवया एकटीसाठी वेगळ्या शिजवल्या. विटाळ लागलाच तर आपल्याला लागू दे, बाकीच्यांना कशाला? साखर-दूध घालून वाडगाभर खाल्ल्या. जरा चिवट लागल्या. म्हातारीचा हात, दुसरं काय.

७

वैशाख तापला आणि घरात राहवेना. पंखा गरम हवा फेकायचा, वीज गेली की तोही नाही. निंबाखाली दम कोंडायला लागला, म्हणून शकुननं खाट अंगणाच्या मधोमध घेतली. कपाळ मात्र गार असायचं. उन्हाळा सोसायला लागला आपल्याला, असं तिला वाटलं.

तानुबाई एकदा म्हणाली, "सून, आजकाल बोलत नाईस तू." शकुन म्हणाली, "काय बोलू? सगळं ठीक तं हाय."

गोधड्या धुवायच्या होत्या. पाणी होतं ते डोहातच. एवढं साधं कारण होतं. गोधड्या तिनं काठावर ठेवल्या आणि पाय भिजवायला पाण्यात उतरली. पायापेक्षा गुडघ्याला बरं वाटलं, गुडघ्यापेक्षा कमरेला. मासे येऊन पोटाला लागत होते. काठावर कोणीतरी पांढरं पांढरं बसलं होतं. आभाळ निळंभोर, केवढं मोकळं. इतकं मोकळं आभाळ डोक्यावर असताना आपण आयुष्यभर चुलीपुढं मान खाली घालून बसलो, याचं तिला नवल वाटलं.

"शकुन!"

देवानंद होता. मळ्यातून पळत येत होता, धोतर पायांत अडकत होतं.

"शकुन, खोपडीतल्या दोरीवरचं कोठी गेलं? तू नेलं काय? अव, शेवया नव्हत्या त्या! मासोईच्या पोटातल्या पट्ट्या मी सुकवून ठेवल्या व्हत्या! त्या शेवया नव्हत्या!"

काय ओरडून राहिला हा माणूस, ती मनात म्हणाली. पण ओठ हलले नाहीत.

"मान खाली कर! शकुन, मान खाली कर!"

तो काठापर्यंत आला आणि थांबला. पाण्यात पाय घालेना. तो तिच्याकडं पाहत नव्हता. तिच्या मागं, वर, कुठंतरी उंच पाहत होता, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

डोळ्याच्या कोपऱ्यात शकुनला बांबू दिसले. एक जवळच होता. दुसरा पाण्यातून वर उचलला गेला, अगदी सावकाश. त्याला तीन बोटं होती, त्यातून गाळ गळत होता. वरच्या गाठीत तो मागच्या बाजूला वाकला, थोडा वेळ अधांतरी राहिला आणि आवाज न करता तिच्या पुढ्यात पाण्यात उतरला. ऊन गेलं. छान सावली झाली.

"शिव्या दे मले," देवानंद काठावरून रडत म्हणत होता. "काहीतरी बोल वं शकुन. शिव्या दे."

द्यायला हव्या होत्या. माशांपायी घराचं वाटोळं करणारा माणूस, दोरीवर काय वाळत घातलं ते बायकोला न सांगणारा माणूस. सात पिढ्या उद्धरतील एवढ्या शिव्या त्याला द्यायला हव्या होत्या. शकुननं आपल्या आत राग शोधून पाहिला. मनापासून शोधला.

तिला राग येत नव्हता. तिनं मान आणखी थोडी वर केली.